आई १, आई २

आमच्या आईचा आवाज एका कॅसेटवर होता. एका बाजूला तीस मिनिटं, दुसऱ्या बाजूला तीस. १९९४ साली कारखान्याचा दिवाळीचा हप्ता मिळाला, त्यातून मी बारामतीला जाऊन टेपरेकॉर्डर आणला होता. आणला भजनाच्या कॅसेटी ऐकायला, पण त्याला एक लाल बटन होतं आणि ते दाबलं की बोललेलं उमटतं हे कळल्यावर घरात आठ दिवस नुसता धिंगाणा. पोरांनी कुत्र्याचं भुंकणं भरलं. दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्यात बोलायला साफ नकार दिला. आईला म्हटलं, जात्यावर बसशील तेव्हा दोन ओव्या म्हण. ती म्हणाली, "मशिनीम्होरं कसं म्हणू? ओवी काय रेडूवर म्हणायची अस्ती व्हय?"

तोवर गावात गिरणी येऊन जमाना झाला होता. जात्यावर फक्त डाळ भरडायची आणि सणाचं काही थोडंफार. तरी दिवाळीच्या तोंडाला ती पहाटे जात्यावर बसली. मी टेपरेकॉर्डर पोत्यांच्या थप्पीमागं ठेवला, बटन दाबलं आणि धार काढायला निघून गेलो. तिला कळलं असणारच, बटनाचा खटका काय लपतो? पण मी समोर नव्हतो म्हणून ती म्हणत राहिली. मध्ये येऊन मी बाजू बदलली तेव्हा तिनं वर बघितलं नाही.

दादा २००३ ला गेले, आई २०११ ला. कॅसेट ट्रंकेत पडून होती. टेपरेकॉर्डर केव्हाच बंद पडलेला, भंगारवाल्यानं नेला. मला वाटायचं, कॅसेट आहे ना घरात, मग आवाज आहे.

२०२२ च्या पावसाळ्यात पुतण्या पुण्याहून आला होता. त्यानं मोबाईलवर मला 'पारी'च्या साईटवरच्या जात्यावरच्या ओव्या दाखवल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी पुण्यातून हे काम चालू केलेलं. पॉइटवाँ मूळचे फ्रान्सचे, पण इथलेच होऊन गेलेले. हजारावर गावांतून त्यांनी आणि त्यांच्या माणसांनी बायांच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाच्या वर. १९९० नंतर बर्नार्ड बेल नावाचे दुसरे फ्रेंच गृहस्थ त्यात आले, ते संगीत आणि कॉम्प्युटर दोन्हीतले जाणकार. त्यांनी ओव्या टेप केल्या आणि सगळ्याची कॉम्प्युटरवर नोंद बांधली. २०१७ पासून पारीनं ते सगळ्यांना ऐकायला खुलं केलं. पुतण्यानं यादीत खाली खाली जात मला आमच्या इंदापूर तालुक्यातलं निमगाव केतकी दाखवलं. आमच्या शेजारचं गाव! तिथल्या बाईचा गळा मोबाईलमधून निघाला आणि मी गोठ्यात बादली तशीच ठेवून उभा राहिलो. ओव्या पुस्तकांत मी वाचल्या होत्या, सरोजिनी बाबरांच्या पुस्तकांनी आमच्या वाचनालयाचं एक फडताळ भरलेलं होतं. पण कागदावर शब्द येतात, गळा येत नाही.

त्या रात्री मी ट्रंक उघडली.

कॅसेट वाजवायलाच काही नव्हतं. इंदापूरच्या बाजारात विचारत हिंडलो, लोक माझ्याकडं नांगर मागायला शहरात गेलेल्या माणसाकडं बघावं तसं बघायचे. शेवटी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्यानं माळ्यावरचा एक डेक काढून दिला. त्यानं कापसाच्या बोळ्यानं स्पिरीट लावून हेड पुसलं. हेड म्हणजे फीत जिथं घासून जाते तो चकचकीत लोखंडाचा तुकडा. कापूस चहासारखा तांबडा झाला. "ही फितीची माती," तो म्हणाला, "फितीवर लोखंडाची भुकटी असते, तिच्यातच आवाज असतो. दर वेळेला वाजवलं की थोडी झडते." हे ऐकल्यावर मला कॅसेट लावायचीच भीती वाटायला लागली. आईचा आवाज भुकटीत आहे आणि ऐकलं की तो कमी होतो.

तेव्हा एकदाच वाजवायची आणि त्याच वेळी कॉम्प्युटरात भरून घ्यायची, असं ठरलं. नातवाचा शाळेचा लॅपटॉप होता, कोरोनात ऑनलाईन शाळेसाठी घेतलेला. आता त्यात घालायचं काय? इथून माझी दुसरी शाळा सुरू झाली.

गावात लग्नाच्या वराती वाजवणारी पोरं आहेत, डीजेवाली. त्यांनी सांगितलं, आप्पा, एफएल स्टुडिओ घ्या. त्यांनी उघडून दाखवला. पडद्यावर रंगीत चौकटीच चौकटी, एकेका चौकटीत ढोल, ताशा, हलगी भरलेली. बोट लावलं की वाजतंय. गाणं तयार करायला ते बेस्टच असेल, पण मला काही तयार करायचं नव्हतं. जे होतं ते उतरवून घ्यायचं होतं. एका स्टुडिओवाल्यानं कॅसेट ठेवून जा म्हणून सांगितलं, चार दिवसांनी या, तासाला अमुक. कॅसेट ठेवून जा म्हटल्यावर मी तिथून उठलोच. पुतण्यानं फोनवर अडोबी ऑडिशनचं नाव काढलं, चांगलं आहे म्हणाला, पण दर महिन्याला पैसे भरायचे. मी म्हटलं, बाबा, ट्रॅक्टर भाड्यानं आणतो तोही नांगरट झाली की परत जातो, आणि हे अवजार वापरू न वापरू, भाडं चालूच? रीपर म्हणून एक निघालं, ते साठ दिवस फुकट वापरून बघता येतं आणि मग साठ डॉलर. ते मनात भरलं होतं, पण उघडल्यावर पडद्यावर इतक्या खुंट्या आणि कळी दिसल्या की विमानात बसल्यासारखं झालं.

शेवटी ऑडॅसिटी घेतलं. ते कायमचं फुकट आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात एक विद्यार्थी आणि त्याचे प्राध्यापक यांनी ते सुरू केलं आणि २००० साली लोकांना देऊन टाकलं. आतली लिहिणावळही उघडी, कुणीही बघावी, दुरुस्त करावी. आमच्याकडं पूर्वी बियाणं असंच असायचं, ज्याला पाहिजे त्यानं मापटं भरून न्यायचं आणि सुगीला परत आणून द्यायचं. दिसायला ते अगदी साधं आहे. लाल बटन, काळा चौकोन, हिरवा त्रिकोण. माझ्या टेपरेकॉर्डरचीच बटनं. लाल बटन बघितल्यावर मला धीर आला.

माझं शिक्षण दहावी, तीही इंग्रजीत काठावर पास. मेनूतले शब्द मी खताच्या वहीच्या मागच्या पानांवर मराठीत लिहून घेतले. 'एफेक्ट' म्हणजे काय काय करता येतं त्याची यादी. 'सिलेक्ट' म्हणजे आधी रान आखून घ्या, मग औषध मारा. 'अनडू' म्हणजे केलेलं मागं घ्या. हा अनडू मला फार आवडला. शेतीत तो कुठंच नाही.

भरून घेताना पहिले दोन दिवस वायाच गेले. डेकच्या हेडफोनच्या भोकातून तार काढून लॅपटॉपच्या माईकच्या भोकात घातली, तर आवाज फुटलेला, ढोलात दगड घातल्यासारखा. पडद्यावर आवाजाची लाट दिसते, ती वरखाली सपाट कापल्यासारखी दिसत होती. कणसं कापून नेलेल्या ज्वारीच्या रानासारखी, सगळी ताटं एका उंचीची. पुतण्या म्हणाला, याला क्लिपिंग म्हणतात. कॉम्प्युटरात शून्य ही सगळ्यात वरची रेघ, त्याच्यावर जागाच नाही. जे वर जाईल ते कापलं जातं आणि कापलेलं परत येत नाही, नंतर आवाज बारीक केला तरी. माईकचं भोक तोंडाच्या बारीक आवाजासाठी असतं, डेकचा मोठा आवाज त्याला झेपत नाही. मग स्वस्तातलं एक यूएसबी साऊंड कार्ड मागवलं, डेकचा आवाज चार आण्यावर आणला आणि लाट शून्याच्या सहा खाली राहील असं बघितलं. डेसिबलचा हिशोब असा की सहानं चढलं की लाटेची उंची दुप्पट. हे एकदा डोक्यात बसल्यावर बाकीचं सोपं गेलं.

दुसरं, सगळ्यात खाली एक 'हूं' ऐकू यायचा, रात्रभर चालू असलेल्या मोटारीसारखा. तो विजेचा. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते, तेच तारेतून आवाजात शिरतं. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला की हूं बराच गेला. तरी डेक विजेवरच होता, त्यात मग सहा मोठे सेल घातले. विजेपासून सुटायला विजेचेच सेल आणायचे! ही सगळी तालीम मी एका भजनाच्या जुन्या कॅसेटवर केली, आईच्या कॅसेटला हात न लावता.

आणखी एक सांगायचं म्हणजे मला स्वतःचे कान कळले. माझ्या कानाला भजनाची कॅसेट स्वच्छ वाटत होती. नातू म्हणाला, "आप्पा, सूं असा आवाज येतोय की सारखा." मला काही येईना. मग त्यानं स्पेक्ट्रोग्राम काढून दाखवला. त्यात आवाजाचं चित्र दिसतं, खाली जाड आवाज, वर बारीक, जिथं जोर तिथं रंग उजळ. वरच्या भागात सगळीकडं धुळीसारखं पसरलेलं होतं. फितीची ती फुसफुस. वयानं बारीक आवाज कानाला यायचा बंद होतो म्हणे. म्हणजे चाळीस वर्षं मोटारी आणि ट्रॅक्टर ऐकलेल्या कानानं मी आईचा आवाज नीट करायला बसलो होतो. त्या दिवसापासून नातवाला शेजारी बसवायचो. त्याचा कान, माझा हात.

मग एका रात्री, गावात सामसूम झाल्यावर, आईची कॅसेट लावली.

काय सांगू. आधी खटका. मग माझ्याच पायातल्या चपलांचा आवाज, लांब जाणारा. मग नुसतं जातं. घरघर, घरघर, मध्ये बांगड्या. किती तरी वेळ ती काहीच म्हणत नाही. आणि मग ओवी सुरू होते, तीही मोठ्यानं नाही, जात्यालाच सांगितल्यासारखी. तिचं माहेर जुनं पळसदेव, भीमेच्या काठचं. उजनीचं धरण १९८० ला झालं आणि गाव पाण्यात गेलं. देऊळ अजून उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं, लोक बघायला जातात. तिच्या निम्म्या ओव्या त्या घाटाच्या, त्या देवळाच्या, भावाच्या. गाव बुडून चौदा वर्षं झाल्यावर ती म्हणत होती, आणि तिच्या ओवीत कुठं पाणी आलेलं नव्हतं. घाटावर धुणं चाललेलं होतं.

दुसऱ्या बाजूला मध्यावर दादा खोकतात. एकदा, मग आणखी एकदा. मग त्यांचा आवाज, "फाट्याला पाणी सुटलंय, त्याला सांग." आमची जमीन नीरा डाव्या कालव्याच्या फाट्यावर, पाण्याची पाळी चुकली तर पुढचे पंधरा दिवस तोंडाकडं बघत बसायचं. आई ओवी मध्येच थांबवते. उत्तर देत नाही. जातं तेवढं फिरत राहतं. मग अर्धी राहिलेली ओवी पुरी करते.

साठ मिनिटं भरून झाली. एका कानाचा आवाज घेतला म्हणजे मोनो, तरी एका बाजूला दीडशे एमबीच्या वर जागा लागली. ती वेव्ह फाईल, काही न टाकता सगळं ठेवणारी. एमपीथ्री लहान होते, पण ती जे कानाला फारसं कळणार नाही ते टाकून देते. नाव दिलं 'आई १' आणि 'आई २'. पहिल्या बाजूची तीन मिनिटं एमपीथ्री करून अकलूजच्या बहिणीला व्हॉट्सॲपवर पाठवली. तिचा रात्री साडेअकराला फोन आला, पण ती बोलली नाही, नुसती फोन धरून बसली.

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण शिकलेलं माणूस गप्प बसत नाही.

मला ते स्वच्छ करायचं होतं. पारीवर कसं ऐकू येतं, तसं आईचं यावं. ऑडॅसिटीत नॉईज रिडक्शन म्हणून आहे. त्यात आधी नुसता कचऱ्याचा आवाज असलेला तुकडा निवडून त्याला दाखवायचा, हा बघ कचरा. मग सगळं रान निवडायचं आणि सांगायचं, असला जिथं सापडंल तिथं काढ. मला ते लगेच समजलं, कारण ते उफणणं आहे. वाऱ्याला पाटी धरायची, भूस उडून जातं, दाणे खाली. आणि उफणणाऱ्याला हेही माहीत असतं की वारा जास्त झाला की हलके दाणे भुसाबरोबर जातात. हे मला माहीत होतं. तरी मी केलं.

कचरा म्हणून मी कुठला तुकडा दाखवला? सुरुवातीचा. आई अजून म्हणायला लागली नव्हती तो. म्हणजे त्यात फितीची फुसफुस होती आणि जातं होतं. बारा होतं ते चोवीस केलं, दोनदा फिरवलं. घरघर गेली. फुसफुस गेली. मला केवढा आनंद! दुसऱ्या बाजूच्या खोकल्याला ही मात्रा लागू पडत नाही, कारण खोकला एकसारखा नसतो. मग तो मी हातानं काढला. तेवढा तुकडा निवडून कंट्रोल आणि एल दाबलं, की तिथं मुकं होतं. दादांचा खोकला आणि दादांचं बोलणं, दोन्ही. ओवीत मध्येच पाण्याच्या पाळीचं कशाला, असं मला त्या वेळी वाटलं. खरंच तसं वाटलं.

मग एक्स्पोर्ट केलं. नाव तेच दिलं, आई १, आई २. यंत्रानं विचारलं, या नावाची फाईल आधीच आहे, तिच्यावर लिहू का? मी हो म्हटलं. बंद करताना विचारलं, प्रोजेक्ट जपून ठेवू का? मी म्हटलं, कशाला, फाईल झाली की. दोन प्रश्न विचारले होते त्यानं, सरळ सरळ.

दोन दिवसांनी मावशीला आणली. आईची धाकटी बहीण, ऐंशीला टेकलेली, आता नव्या पळसदेवला असते. तिला ओसरीत बसवलं, पोरांचा मोठा स्पीकर लावला. दोघी बहिणींनी लग्नाआधी एकाच जात्याचा खुंटा धरलेला. मावशीनं पदर डोक्यावर नीट घेतला, देवळात बसल्यासारखी बसली. आवाज सुरू झाला. तिनं एक ओवी ऐकली, दुसरी ऐकली, मग माझ्याकडं बघितलं.

"का रं, ही पाण्यातनं का बोलती?"

मी म्हटलं, मावशी, साफ केलंय.

"आन् जातं कुटं हाय?"

मी म्हटलं, ते काढलं.

"काढलं? आरं जातं काढलं मंग ती कशावर म्हणती?"

मी नातवाकडं बघितलं. तो हळूच म्हणाला, "आप्पा, मला पण ते रोबोटसारखं वाटत होतं. तुम्हाला आवडलं म्हणून बोललो नाही."

मावशी ऐकत राहिली, पण नंतर तिनं डोळे मिटले नाहीत. ते मला लागलं.

कॅसेट आहेच, परत भरून घेऊ, म्हणून मी डेककडं गेलो. आणि इथं माझी दुसरी चूक कबूल करतो. भरून झाल्यावर, आता काय भीती, म्हणून मध्ये एकदा हौसेनं मी कॅसेट नुसती ऐकायला लावली होती, आणि डेकनं ती खाल्ली होती. फीत रोलरला गुंडाळली, ओढून काढली तर मधला भाग दोरीसारखा पिळलेला आणि एका जागी तुटलेला. लॅपटॉपमध्ये आहे की, म्हणून मी ती तशीच डब्यात टाकली होती.

रेडिओवाल्या म्हाताऱ्याकडं पुन्हा गेलो. त्यानं दुसऱ्या कॅसेटचा सांगाडा घेतला, पाच स्क्रूचा, फीत त्यात घातली, पिळलेला भाग नखानं आणि कापडानं सपाट करत बसला. त्याचे हात थरथरत होते तरी फितीवर आल्यावर थरथर थांबायची. काही भाग सरळच झाला नाही. तो कापून, मागून चिकटपट्टी लावून टोकं जोडली. फीत दोन्ही बाजूंना एकच असते, तेव्हा जे गेलं ते दोन्हीकडचं गेलं. घरी येऊन पुन्हा भरून घेतली. जवळजवळ सगळं परत आलं. घरघर आली, बांगड्या आल्या, माझ्या चपला आल्या. मधली चार एक मिनिटं नाहीत, एका बाजूची आणि दुसऱ्याही.

दुसऱ्या बाजूच्या त्या चार मिनिटांत दादा होते.

दादांचा फोटो आहे घरात, सातबारावर नाव होतं, अंगठा आहे. पण बोललेलं कुठंच नाही. त्यांनी यंत्रात बोलायला नकार दिला होता आणि यंत्रानं ते नकळत घेतलं होतं, आणि ते मी हातानं निवडून मुकं केलं. आता ती चार मिनिटं फक्त माझ्या साफ केलेल्या फाईलीत आहेत. आईचा आवाज पाण्यातून आल्यासारखा, आणि मध्ये एक सपाट रेघ. मुकं केलेल्या जागी लाट नसते, नुसती रेघ. ती परत भरता येत नाही. मी विचारून बघितलं, पुतण्यानं त्याच्या जाणकार मित्रालाही विचारलं. क्लिपिंग, सायलेन्स, वर लिहिलेली फाईल, सगळ्याचं उत्तर एकच.

महिनाभर मी लॅपटॉप उघडला नाही. उसाची बांधणी होती, तेही कारण सांगायला बरं होतं.

मग मावशीचा निरोप आला, की तिला ओव्या भरायच्या आहेत. तिलाच. आमचं जातं गोठ्याजवळ पालथं पडलेलं, त्यावर बाया धुणं आपटायच्या. ते उचलून आणलं, धुतलं. टाकी लावणारं माणूस शोधण्यात आठ दिवस गेले. टाकी लावल्याशिवाय दगड गुळगुळीत, दाणा नुसता घसरतो. मावशीला आधी मी म्हटलं होतं, जातं राहू दे, नुसती म्हण, आवाज चांगला येईल. ती बसली, दोन ओव्या म्हटल्या आणि अडली. "पुढचं आठवंना." मग जात्यावर बसवली, हातात खुंटा दिला, तर म्हणाली, "मोकळं जातं फिरवत नस्त्यात, घास घाल." हरभरे आणले. पहिला घास घातला, दगड फिरला आणि तिच्या तोंडून ओव्या निघायला लागल्या त्या दीड तास. ऐंशी वर्षांची बाई. मध्ये मी हात लावायला गेलो तर हात झटकला.

या वेळी मी शहाणा होतो. माईक तिच्या तोंडापासून वीतभर, खाली जात्याच्या बाजूनं तोंड वळवून नाही, पण जातं तोडूनही नाही. लाट शून्याच्या खाली चांगली जागा ठेवून. नातू हेडफोन लावून बसलेला. कुत्रं भुंकलं तर भुंकू दिलं. सूनबाईनं चहा आणला, कपाचा आवाज आला, तोही राहू दिला. संध्याकाळी तीन ठिकाणी प्रती ठेवल्या, लॅपटॉपमध्ये, पेनड्राईव्हवर, आणि एक पुतण्याकडं पुण्याला. वहीत लिहिलं, 'मावशी मूळ, हात लावू नये'.

तिच्या ओव्यांत पळसदेवचा घाट आला. आईनं म्हटलेल्या त्या हरवलेल्या मिनिटांतल्या दोन ओव्याही आल्या, पण शब्द थोडे वेगळे. मी म्हटलं, मावशी, आई असं म्हणायची नाही. ती म्हणाली, "तिचं तिच्यापाशी, माझं माझ्यापाशी."

रात्री जेवणं झाल्यावर तिनंच विषय काढला. "तेवढं लाव बरं, पाण्यातलं." मी नको नको म्हणत ती चार मिनिटं लावली. आईची ओवी चालली, मध्येच तुटली. सामसूम झाली. मी स्पीकरकडं हात नेला, तर मावशी म्हणाली, "राहू दे. हितं दाजी बोललं असतील."

मी म्हटलं, तुला कसं कळलं?

"ती दुसऱ्या कुणासाठी थांबायची न्हाय."

मग आईनं अर्धी ओवी पुरी केली. मावशीनं परत लावायला सांगितलं. तिसऱ्या वेळी तिनं त्या सामसुमीत हातानं जातं फिरवल्यासारखं केलं, दोन वेढे, आणि आई बरोबर तिथंच सुरू झाली.

ती झोपल्यावर मी लॅपटॉप घेऊन बसलो. ऑडॅसिटीत कंट्रोल आणि बी दाबलं की लाटेच्या खाली चिठ्ठी लावता येते, काय कुठं आहे ते लिहायला. ती सपाट रेघ निवडली, खाली चिठ्ठी लावली आणि तिच्यावर 'दादा' असं लिहिलं. मग प्रोजेक्ट जपून ठेवू का म्हणून विचारलं, तेव्हा हो म्हटलं.